केसाहून बारीक उपद्व्याप

माझे बहुतेक शोध माझ्या जन्माआधीच लागलेले आहेत. त्यामुळे माझ्या नावावर एकही पेटंट नाही, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगून टाकतो. मिरजेजवळच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये मी उभी नोकरी काढली. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. म्हणजे पोरांनी मोडायचं आणि मी जोडायचं. मोडायला पोरांना एक प्रॅक्टिकल पुरायचं. मला जोडायला वेळ लागे, कारण वस्तू नुसती जोडणं मला कमीपणाचं वाटतं. आधी ती जोडण्यासाठी एक यंत्र करायचं, मग ते यंत्र धरण्यासाठी दुसरं यंत्र, ही आपली पद्धत. तोवर मोडणारी पोरं पास होऊन कुठंतरी चिकटलेली असत.

त्यातही मला वेड बारीक तारांचं. वास्तविक आमच्या घराण्याची बोटं ऊस तोडायला आणि बैलाची वेसण धरायला घडवलेली. त्या बोटांनी कधी सुई ओवली असेल तर ती दाभणच. पण जुन्या टांगत्या गॅल्व्हनोमीटरनं माझं डोकं फिरवलं. त्याच्या आत तारेचं एक वेटोळं फॉस्फर ब्राँझच्या पट्टीला लटकवलेलं असतं. पट्टी म्हणायचं ते कॅटलॉगात तसं छापलंय म्हणून. प्रत्यक्षात ती एका ठरावीक कोनातून उजेड पडला तरच दिसते, आणि तुटते मात्र कुठल्याही कोनातून. वेटोळं क्लॅम्प न करता कुणी ते उपकरण टेबलावर नुसतं सरकवलं, की पट्टी गेली. मग नवी पट्टी वर-खाली डाग देऊन बसवायची. आता साध्या चिमट्याचा स्वभाव असा, की दाबला तर धरतो आणि शिंक आली की सोडतो. मी डोकं चालवलं. बायकोच्या केसांच्या क्लिपा मोडून उलटा चिमटा केला : दाबला की उघडणारा, सोडला की घट्ट धरणारा. जमिनीवर पाय ठरेनात. मोठ्या कौतुकानं तो एका घड्याळजींना दाखवायला नेला. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच ड्रॉवर ओढला. आत तसे चिमटे ओळीनं मांडलेले होते.

"हा माझ्या वडिलांचा," त्यातला एक उचलून ते म्हणाले. "तुमच्या क्लिपेपेक्षा बरा पडतो."

तारेचंही तेच. तारेच्या नंबराचा हिशेब उलटा असतो, नंबर वाढेल तशी तार बारीक. तार एकामागून एक लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत बारीक करतात. जितक्यांदा ओढली तितका तिचा नंबर, असा तो जुना हिशेब. चाळीस नंबरची तार 0.122 मिलिमीटर भरते. अशा तारेची वेटोळी मी हौसेनं गुंडाळायचो आणि दर खेपेला रिळावरून येतायेताच ती गाठ मारून तुटायची. मी आधी दुकानदाराला दोष दिला, मग कारखान्याला, मग मिरजेच्या हवेला. शेवटी छत्रीच्या काड्या, सायकलच्या ब्रेकचं रबर आणि एक स्प्रिंग जोडून तारेचा ताण सांभाळणारं यंत्र उभं केलं. त्यात तार आणखी लवकर तुटू लागली.

मिरजेत तारेचं कोडं पडलं तर कुठं जायचं, हे लहान पोरही सांगेल. इथं पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात; 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एका वयस्कर सतारमेकरांपुढं मी माझं यंत्र ठेवलं. ते भोपळ्यावर काहीतरी घासत होते. त्यांनी यंत्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा यंत्राकडं पाहिलं.

"तार कडेनं ओढता काय?"

"हो. म्हणजे, रीळ असं आडवं ठेवून..."

"ओढू नका. रीळ फिरवा."

संपलं. रीळ आडवं ठेवून कडेनं तार ओढली, की सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यागणिक तारेत एक पूर्ण पीळ साठत जातो. ताण आहे तोवर तो गप्प बसतो, आणि तार जरा ढिली पडली की फास टाकून मोकळा होतो. रीळ खिळ्यात अडकवून फिरू दिलं तर पीळ पडायचं कारणच उरत नाही. म्हणजे माझ्या अख्ख्या यंत्राच्या जागी एक खिळा. छत्रीच्या काड्या त्यांनी परत देताना सुतळीनं नीट बांधून दिल्या, हा त्यांचा मोठेपणा.

इथं शहाणा माणूस थांबला असता. मला मात्र लायब्ररीत चार्ल्स व्हर्नन बॉइज सापडले. हे गृहस्थ लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये फिजिक्स शिकवायचे, विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांना नाजूक उपकरणं टांगायला अतिशय बारीक आणि पीळ न धरून ठेवणारा धागा हवा होता. हातानं ओढून तेवढा बारीक धागा निघेना. तेव्हा 1887 साली बॉइजसाहेबांनी काय करावं? एक छोटं धनुष्य घेतलं, गवताच्या काडीचा बाण केला, त्याच्या बुडाला क्वार्ट्झची कांडी चिकटवली, ती ज्योतीत वितळवली आणि बाण सोडला. बाण गेला आणि मागं केसाहून कितीतरी पटींनी बारीक धागा ओढत गेला. पुढं असल्याच धाग्यावर वजनं टांगून त्यांनी न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक मोजला, आणि तो आकडा 1895 साली छापला. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं वैज्ञानिक उपकरणांची यादी मी पाहत आलो, पण त्यात धनुष्यबाण मागवता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा संपून लॅब रिकामी झाल्यावर मी बांबूची काठी आणि सायकलच्या ट्यूबचं धनुष्य केलं. क्वार्ट्झ वितळवायला सतराशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेवढी आमच्या बर्नरची ऐपत नव्हती. म्हणून साधी काचेची कांडी घेतली. शिपाई धोंडूमामा बर्नर सांभाळायला उभे. कांडीचं टोक नारिंगी होऊन लोंबायला लागलं तसं मामा "सोडा, सोडा" म्हणून ओरडले आणि मी ट्यूब सोडली. बाण मीटर-ब्रिजांच्या रांगेवरून गेला आणि थेट सर सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीच्या चौकटीत घुसला. कानाला लागला नाही, एवढीच कृपा.

आता धागा कुठाय? इतका बारीक धागा तयार झाला, की झालाच नाही, हे ठरवायला काही साधन नव्हतं. मी आणि धोंडूमामा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. मामांचं म्हणणं, धागा झालेलाच नाही. माझं म्हणणं, न दिसणं हाच तर त्याच्या उत्तमपणाचा पुरावा. एवढ्यात विभागप्रमुख आत आले. दारातून चार पावलं टाकली असतील नसतील, ते थबकले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागले.

"काय हो हे! किती जळमटं झालीत लॅबमध्ये!"

धागा झाला होता. उत्तम झाला होता. जगात तो झाल्याचा एकमेव पुरावा साहेबांच्या मिशीला लटकत होता, आणि त्याची जाडी मोजायची तर साहेबांना मायक्रोस्कोपखाली घ्यावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं लेखी सूचना निघाली. विषय : प्रयोगशाळेतील जळमटे काढण्याबाबत. जळमटांना मी स्वतः नावं ठेवणार नाही. दुर्बिणीत नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेषांसाठी जुन्या काळी कोळ्याचाच धागा ताणून बसवत असत. पण सूचनेला असलं उत्तर द्यायचं नसतं.

निवृत्त झालो आणि घरात फायबर आलं.

ही काच म्हणजे काय चीज आहे बघा. 1966 साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडात हिशेब मांडला, की काचेतली घाण काढून टाकली आणि एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा उजेड जरी उरला, तरी त्यावर टेलिफोन चालवता येईल. तेव्हाच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या तिघांनी ती अट पार केली. आज उत्तम फायबरमध्ये पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो. काओंना 2009 चं नोबेल मिळालं. इतक्या थोर लोकांनी आयुष्य घालवून उजेड माझ्या दारापर्यंत सुखरूप आणला, आणि मी तो शेवटच्या वीतभरात सांडला.

झालं असं, की भिंतीवरच्या छोट्या डबीत फायबरचा जास्तीचा तुकडा सैल सोडलेला होता. मला सैल काही बघवत नाही. शिवणाच्या मशीनची रिकामी बॉबिन घेऊन मी तो तुकडा तिच्यावर घट्ट गुंडाळला आणि डबी बंद केली. आतून इतकं नेटकं काम गावात झालं नसेल. मोडेमचा दिवा लाल झाला. पूर्ण आंतरिक परावर्तन, क्रांतिक कोन, हे सगळं मी वर्षानुवर्षं पोरांना मोजायला मांडून देत होतो. फायबर फार लहान गोलाईत वाकवलं की उजेड त्या कोनाहून कमी कोनात आदळतो आणि बाहेर गळतो, हे मलाच नव्यानं कळत होतं. घाईनं बॉबिन उलगडायला गेलो आणि टच् असा आवाज आला.

तक्रार नोंदवली. उद्या माणूस येईल म्हणाले. उद्या कशाला? लाइनवाल्यानं जाताना सोडलेला केबलचा तुकडा माळ्यावर होता, मनगटात जुनं वेड होतं आणि बायको देवळात गेली होती. शिवाय हिशेब सोपा होता. चाळीस नंबरची तार 0.122 मिलिमीटर, फायबरची काच 0.125. जी तार मी आयुष्यभर हाताळली तिच्याच जाडीची वस्तू. फरक एवढाच, की तांबं चुकीला वाकून दाखवतं आणि काच वाकायच्या भानगडीत पडत नाही.

पहिली अडचण काचेपर्यंत पोचण्याचीच. केबलच्या आत पिवळ्या धाग्यांचा झुपका असतो. हे ॲरॅमिड, म्हणजे केव्हलारच्या घराण्यातलं. 1965 च्या सुमाराला ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलार शोधलं आणि पुढं त्याची बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटं झाली. ते माझ्या दाढीच्या कात्रीनं कापायचा माझा विचार होता. कात्री धाग्यांना चावून आडवी झाली. शेवटी ते सगळे मागं दुमडून रबरबँड लावला.

मग काच धरायची कशी? इथं मला विल्यम वोलस्टन आठवला. यानं 1813 साली केवढी अक्कल लढवली! प्लॅटिनमची तार फार बारीक ओढता येईना, तेव्हा त्यानं तिच्याभोवती चांदी घातली, ती जाड जोडतार ओढत ओढत बारीक केली आणि शेवटी नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवून टाकली. मागं उरली प्लॅटिनमची जवळजवळ अदृश्य तार. म्हणजे बारीक वस्तू हाताळायची तर तिला तेवढ्यापुरतं जाड करायचं. मी फायबरवर मेणबत्ती ओतली. छान बोटाएवढी कांडी झाली, बैलाची वेसण धरतात तशी धरता आली. पुढं मेण काढायला कांडी गरम पाण्यात बुडवली. मेण वर तरंगलं. काच सिंकच्या जाळीतून गेली.

तेव्हा मी खरं यंत्र हातात घेतलं. नातवाच्या मेलेल्या माशांच्या टाकीचा पंप उलटा जोडून हवा ओढून घेणारा केला, त्याच्या नळीला इंजेक्शनची सुई लावली आणि हे सगळं देवगड हापूसच्या लाकडी पेटीत बसवलं. वर लाल बटण. पुढं एक ॲमीटर, जो कशालाच जोडलेला नव्हता. पण काटा असल्याशिवाय यंत्राला रुबाब येत नाही. नाव ठेवलं 'सूक्ष्मधारक'. बटण दाबलं, सुई फायबरच्या तुकड्याजवळ नेली, आणि तुकडा टुपकन येऊन चिकटला! पंप घुमत होता, मी मनातल्या मनात सत्काराला उत्तर देत होतो.

मग बटण बंद केलं. तुकडा खाली पडेना. हलवला, पडेना. फुंकर मारली तर उडून माझ्या बाहीला चिकटला. बाहीवरून काढला तर बोटाला. याचं कारण साधं आणि संतापजनक आहे. उघड्या फायबरचं वजन आख्ख्या किलोमीटरला 27 ग्रॅम. बोटभर तुकडा म्हणजे दोनेक मिलिग्रॅम. एवढ्याशा वस्तूशी गुरुत्वाकर्षण बोलायलाही येत नाही. तिथं राज्य स्थिर विद्युतभाराचं आणि चिकटपणाचं. मोठ्या वस्तूंच्या जगात उचलणं कठीण आणि सोडणं फुकट. इथं उचलणं फुकट आणि सोडायला नवस बोलावा लागतो. सूक्ष्मधारकाला जोड म्हणून मी 'सूक्ष्मसोडक' बनवायला घेतला, पण पेटीत जागा उरली नव्हती.

कापण्याबद्दल थोडक्यात. काच कापायची नसते. कंपाउंडर जसा इंजेक्शनच्या काचेच्या कुपीला कानशीनं एक ओरखडा काढून मान मोडतो, तशीच हिला कडेला बारीक ओरखडा काढून ताणायची, म्हणजे ती सरळ तुटते. तिरकेपणा एका अंशाच्या आत पाहिजे. माझ्याकडं टाइल कापायचं चाक होतं. नातवाच्या मायक्रोस्कोपखाली ते टोक बघितलं आणि मायक्रोस्कोप झाकून ठेवला.

या सगळ्या काळात तुकडे पडत होते. पडत होते म्हणजे माझा तसा अंदाज होता, कारण दिसत नव्हते. एक अंगठ्यात गेला तेव्हा बातमी पक्की झाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ माणसाला दिसतं म्हणतात. मला माझ्या अंगठ्यातलं भिंगातूनही दिसेना. तेव्हा मी जो उपाय काढला तो आजही माझा सर्वोत्तम मानतो. ओट्यावर भिजवून झाकून ठेवलेली कणीक होती. तिचा गोळा फरशीवरून, टेबलावरून, बाहीवरून हलके दाबत फिरवला. एकूण एक तुकडा आला! उजेडात धरला तर गोळा चमकत होता. ही पद्धत वहीत टिपून घ्यावी म्हणून मी गोळा क्षणभर ओट्यावर ठेवला आणि पेन शोधायला आत गेलो.

पेन सापडायला वेळ लागला. बाहेर आलो तर बायको देवळातून परतलेली आणि तवा तापत ठेवलेला. मी "थांब!" म्हणून जे ओरडलो, त्यानं शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या.

"अहो, पण काय झालं काय?"

मी सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडं भात होता. कणकेचा डबा, पोळपाट, लाटणं आणि मी, या चौघांकडं ती एकाच नजरेनं बघायची.

खरं म्हणजे इथवर येऊनही माझा उत्साह ओसरला नव्हता. डबी हॉलमधून माझ्या खोलीत न्यावी, म्हणजे दुरुस्ती सुखानं करता येईल, असा विचार सुचला. भिंतीत जुना पाइप होता, दोन वळणांचा. त्यातून दोरा न्यायचा कसा? 1971 साली शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या लांबलचक नळ्या आतून पुसायच्या होत्या. त्यांनी फेलिशिया नावाची फेरेट आणली, मुंगसासारखं दिसणारं चिंचोळं जनावर. तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधून नळीत सोडायची, ती पलीकडून निघायची, मग त्या दोरीनं पुसायचा बोळा ओढून घ्यायचा. आत घाण करू नये म्हणून तिला लंगोटसुद्धा बांधत. त्याच्याही आधी ग्रीकांच्या गोष्टीत डेडॅलसनं शंखाच्या वेटोळ्यातून दोरा ओवला तो मुंगीच्या कमरेला बांधून.

फेरेट मिरजेत मिळत नाही. मुंगळे मिळतात. पाइपच्या पलीकडच्या तोंडाला गुळाचा खडा ठेवला, अलीकडं एका दांडग्या मुंगळ्याच्या कमरेला शिवणाचा दोरा बांधायला बसलो. मुंगळ्याला कमर असते खरी, पण ती दुसऱ्याच्या हवाली करायची त्याची तयारी नसते. उलटा चिमटा तेवढा कामी आला. अखेर तो दोऱ्यासकट आत शिरला. थोड्या वेळानं पलीकडं जाऊन बघितलं, तर गुळाला मुंगळे लागलेले. सगळे मोकळे, दोरा कुणाच्याच कमरेला नाही. दोरेवाला मधल्या वळणावर थांबला असावा. पण वाट मात्र त्यानं सगळ्यांना सांगितली होती. संध्याकाळपर्यंत ते स्विचबोर्डातून निघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सलीम आला. हा जॉइंट मारणारा. पाठीवर सॅक, कमरेला स्ट्रिपर. त्यानं डबी उघडली, टेबलावरचा पसारा बघितला आणि सॅक हळूच खाली ठेवली.

"काय ओ सर, हे काय करून ठेवलाय?"

"दुरुस्ती."

"बरं झालं सांगितलंत."

पाइपचं ऐकून त्यानं कॅरीबॅगचा तुकडा फाडला, दोऱ्याच्या टोकाला त्याची बोंडी बांधली आणि शेजारच्या वहिनींचा व्हॅक्युम क्लीनर मागवला. तो पलीकडच्या तोंडाला लावून बटण दाबलं. सुर्र् करून बोंडी दोऱ्यासकट पलीकडं हजर. मागोमाग माझा मुंगळाही आला, दोऱ्यासकट.

"हायवेला पण असंच करतात की," सलीम म्हणाला. "चाळीस एमएमचा पाइप असतोय, मागनं कॉम्प्रेसरची हवा. केबल आत तरंगत जाते किलोमीटर किलोमीटर. ढकलत बसलं तर जाईल होय ती?"

मग त्यानं जॉइंट मारायला घेतला आणि मी स्टूल ओढून बसलो. फायबर स्ट्रिपरच्या खाचेत धरून त्यानं एका ओढीत वरचं प्लास्टिक उतरवलं. टिश्यूवर स्पिरिटचे दोन थेंब, त्यात काच धरून ओढली, तशी ती किर्र् वाजली. "वाजली म्हणजे साफ झाली." क्लीव्हरमध्ये ठेवली, झाकण दाबलं, टक्. तुटलेला तुकडा त्यानं न बघताच बोटाच्या टोकानं मनगटावर उलट्या लावलेल्या काळ्या चिकटपट्टीवर टेकवला. तुकडा चिकटला आणि तिथंच राहिला. मी त्या पट्टीकडं बघतच राहिलो. कणकेचा विषय मी काढला नाही.

जॉइंट मारायच्या मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं तुळयांएवढी जाड दिसायला लागली. जवळ आली, आपोआप वर-खाली सरकून एका रेषेत आली, मध्ये फटीएवढा काळोख. मी तेवढ्यात त्याला विचारलं, की ही दोन विद्युतअग्रं टंगस्टनची असतात ना. तो हो म्हणाला. मग मी त्याला वोलस्टन सांगितला. बॉइज सांगितला. रामनच्या तसबिरीपर्यंत आलो तेव्हा मशीननं झप् करून ठिणगी टाकली आणि दोन तुळयांची एक झाली. पडद्यावर आकडा आला : 0.01 डीबी.

"वा!" मी म्हणालो.

सलीम काही बोलला नाही. तो टेबलाच्या कडेला बघत होता. तिथं जॉइंटवर चढवायची स्लीव्ह होती. आत लोखंडी काडी असलेली ती बारीक नळी. जॉइंटच्या आधी ती एका बाजूनं ओवून ठेवायची असते. एकदा जॉइंट झाल्यावर ती घालायला दोन्हीकडून वाट बंद.

"रोज पंधरा-वीस जॉइंट मारतो, सर," तो शांतपणे म्हणाला. "स्लीव्ह कधी विसरत नाही." आणि त्यानं झालेला जॉइंट तोडला.

दुसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तो बायकोचा निर्णय होता. दिवा हिरवा झाल्यावरच मला बोलावण्यात आलं. चहा घेताना सलीमची नजर आंब्याच्या पेटीवर गेली.

"हे काय आहे?"

मी सूक्ष्मधारक चालू करून दाखवला. त्यानं बटण दाबून बघितलं, बंद करून बघितलं, काट्यावर टिचकी मारली. पेटीच्या भोवती फिरून आला. इतक्या आदरानं माझ्या यंत्राकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, हे काही दिवस मला द्याल काय?"

"कामावर वापरणार?" माझा आवाज जरा कापला असेल.

"नाही ओ. धाकट्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. ते म्हणतंय, चाललं नाही तर चालतंय, पण बघायला भारी पाहिजे."

पेटी गेली. सलीमच्या पोरानं तिला चंदेरी कागद लावला, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलं आणि ॲमीटरच्या शेजारी आणखी एक मीटर बसवला. तोही कशाला जोडलेला नाही, असं मला खात्रीलायकरीत्या कळलं. प्रदर्शनाला मीही गेलो, लांबून बघत उभा राहिलो. परीक्षक बाईंनी वाकून विचारलं, "हे यंत्र काय करतं, बाळ?"

"बारीक काच धरतं, मॅडम."

"अरे वा! आणि सोडतं कसं?"

पोरानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"सोडत नाही, मॅडम."

उत्तेजनार्थ मिळालं.